थ्री माइल आयलंड : अपघात आटोपला, ताण आटोपला नाही

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत एक विधान हमखास सापडते. समस्याकेंद्रित मार्गाने, म्हणजे ताणाचे कारणच बदलू पाहत, ताणाशी सामना करणारा माणूस शहाणा, आणि भावनाकेंद्रित मार्ग, म्हणजे ताणातून उठणाऱ्या स्वतःच्या भावना सांभाळणे, ही पळवाट. पाठ्यपुस्तकात इतके ढोबळ लिहिलेले नसते. पण दोन रकान्यांचा तक्ता करून पाठ केला की डावीकडे चांगले, उजवीकडे वाईट अशी वाटणी डोक्यात पक्की होते. हा तक्ता उलटा पडल्याचे एक प्रकरण उपलब्ध आहे आणि ते बऱ्यापैकी काटेकोरपणे अभ्यासलेले आहे. ते एका रुग्णाचे नाही, एका अणुवीज केंद्राभोवती राहणाऱ्या माणसांचे आहे.

२८ मार्च १९७९, बुधवार, पहाटे चारचा सुमार. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, राजधानी हॅरिसबर्गपासून दहा-एक मैलांवर, सस्केहाना नदीतल्या थ्री माइल आयलंड या बेटावर दोन अणुभट्ट्या होत्या. त्यांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या भट्टीच्या यंत्रणेला पाणी पुरवणारे पंप बंद पडले. भट्टी ठरल्याप्रमाणे आपोआप थांबली. वाढलेला दाब सोडण्यासाठी एक झडप उघडली. ती पुन्हा मिटायला हवी होती, पण उघडीच अडकून राहिली. नियंत्रण कक्षातल्या दिव्यावरून मात्र ती मिटली असा समज होत होता. तो दिवा झडपेची खरी स्थिती दाखवतच नव्हता, मिटण्याचा आदेश गेला एवढेच सांगत होता. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त इशारे एकदम वाजले. भट्टीत पाणी जास्त झाले आहे असे समजून चालकांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठा कमी केला, आणि भट्टीच्या गाभ्याचा, म्हणजे इंधन असलेल्या भागाचा, जवळपास निम्मा भाग वितळला. तो किती वितळला हे कळायलाही पुढे काही वर्षे जावी लागली.

तांत्रिक हकिगत इथे थांबवतो. आपल्याला कुंपणाबाहेरच्या माणसांकडे पाहायचे आहे. त्यांच्यापर्यंत काय पोचले?

पहिल्या दिवशी कंपनीने सारे आटोक्यात असल्याचे सांगितले. त्याच दिवशी राज्याच्या उपगव्हर्नरांनी पत्रकारांसमोर सांगितले की कंपनीकडून परस्परविरोधी माहिती मिळते आहे. शुक्रवारी, ३० मार्चला, केंद्राच्या धुराड्याच्या वर हेलिकॉप्टरमधून घेतलेली १२०० मिलिरेम (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) प्रतितास ही नोंद अणुनियामक आयोगाच्या मुख्य कार्यालयात पोचली. योगायोग असा की तिथल्या अधिकाऱ्यांनी जमिनीवरच्या संभाव्य मात्रेचा जो हिशेब केला होता, त्याचाही आकडा तोच होता. धुराड्यावरची नोंद म्हणजे वस्तीतली मात्रा असा गोंधळ झाला. सकाळी दहा मैलांच्या परिसरातल्या लोकांना घरातच राहा असे सांगण्यात आले. दुपारी गव्हर्नर रिचर्ड थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रियांना आणि शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना बाहेर जाण्याचा सल्ला दिला. शनिवारी बातमी आली की भट्टीत हायड्रोजनचा बुडबुडा साठला आहे आणि त्याचा स्फोट होऊ शकतो. रविवारी अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः केंद्राला भेट देऊन गेले. स्फोटाला लागणारा ऑक्सिजनच आत नव्हता, त्यामुळे ती भीती मुळात निराधार होती, हे तज्ज्ञांच्या त्याच सुमारास लक्षात आले. तोवर जवळपास १ लाख ४० हजार माणसे घर सोडून गेली होती. सल्ला मिळालेल्यांच्या कितीतरी पट.

ताणाच्या पाठात मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांचे मूल्यमापनाचे जे दोन टप्पे असतात, ते या पाच दिवसांवर ठेवून पाहावेत. प्राथमिक मूल्यमापन विचारते, 'हे माझ्यासाठी धोक्याचे आहे का?' दुय्यम मूल्यमापन विचारते, 'याबाबत मला काय करता येईल?' किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, त्वचेला तो जाणवत नाही. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणूस स्वतःच्या इंद्रियांनी देऊच शकत नाही, ते अधिकाऱ्यांकडून उसने घ्यावे लागते. आणि अधिकारी रोज वेगळे उत्तर देत होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, घर सोडा किंवा थांबा, या दोनच पर्यायांपाशी संपत होते. लोक घाबरट किंवा अडाणी होते असे कुणी म्हटले, तर त्याने आधी हे सांगावे की उपलब्ध माहितीवरून त्यांनी कोणते शांत मूल्यमापन करायला हवे होते.

शारीरिक हानीचे आकडे मात्र दिलासा देणारे निघाले. आसपासच्या सुमारे २० लाख लोकांना मिळालेली सरासरी जादा मात्रा १ मिलिरेमच्या आसपास होती. छातीच्या एका एक्स-रेत साधारण ६ मिलिरेम मिळतात. अध्यक्षांनी नेमलेल्या चौकशी आयोगाचे प्रमुख जॉन केमेनी हे गणितज्ञ होते. ऑक्टोबर १९७९ च्या अहवालात या आयोगाने नोंदवले की अपघाताचा आरोग्यावरचा सर्वांत गंभीर परिणाम म्हणजे तीव्र मानसिक ताण, पण तो थोडा काळ टिकला. पाच मैलांच्या आत राहणाऱ्यांत आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांत तो सर्वाधिक होता.

या निष्कर्षाचा पहिला भाग टिकला. 'थोडा काळ' हा भाग टिकला नाही.

बेथेस्डा इथल्या लष्करी वैद्यकीय विद्यापीठातले अँड्र्यू बॉम आणि त्यांचे सहकारी अपघातानंतर वर्ष उलटून गेल्यावर या भागात मोजमाप करत होते. त्यांचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातली मोजमापे अपघातानंतर सुमारे १७ महिन्यांची आहेत. केंद्राजवळच्या रहिवाशांची तुलना तीन गटांशी केली होती. एक गट मेरिलँडमधल्या फ्रेडरिक गावचा, जिथे जवळ वीजकेंद्रच नव्हते. दुसरा गट अपघात न झालेल्या अणुवीज केंद्राजवळचा आणि तिसरा कोळशावर चालणाऱ्या केंद्राजवळचा. ही रचना विद्यार्थ्यांनी थांबून पाहण्यासारखी आहे. फक्त फ्रेडरिकशी तुलना केली असती, तर फरक अपघातामुळे आहे की मोठ्या औद्योगिक केंद्राशेजारी राहण्यामुळे, हे सांगता आले नसते.

मोजमापही चार अंगांनी केले होते. लक्षणांची प्रश्नावली, सामना करण्याच्या मार्गांची आणि नैराश्याची विचारणा, मजकुरातल्या चुका शोधण्यासारखी एकाग्रता लागणारी छोटी कामे, आणि लघवीच्या नमुन्यांतून ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन या ताणात वाढणाऱ्या संप्रेरकांची पातळी. इतका खटाटोप का? कंपनीवर रागावलेला, तिच्याविरुद्ध झगडणारा माणूस प्रश्नावलीत आपला त्रास वाढवून लिहू शकतो, अगदी नकळतसुद्धा. लघवीतली संप्रेरके ठरवून वाढवता येत नाहीत. मजकुरातल्या चुका शोधण्याच्या कामात तो कमी गुण मिळवून दाखवेल ही शक्यताही कमी. वेगवेगळी, एकमेकांच्या चुका न उचलणारी मापे एकाच दिशेला बोट दाखवू लागली की निष्कर्षाला वजन येते.

चुका शोधण्याच्या कामाला एक पूर्वेतिहास आहे. बॉम यांच्या सहकाऱ्यांपैकी एक जेरोम सिंगर. भावनांच्या द्विघटक सिद्धांतात (भावना म्हणजे शारीरिक उत्तेजना आणि तिला आपण दिलेला अर्थ) शॅक्टर यांच्यासोबत ज्यांचे नाव येते तेच हे. डेव्हिड ग्लास यांच्यासोबत त्यांनी गोंगाटावर प्रयोग केले होते. काही सहभागींना सांगितले होते की अगदीच असह्य झाले तर हे बटण दाबून आवाज थांबवता येईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबले नाही. दोन्ही गटांनी तेवढाच आवाज ऐकला. तरीही नंतर दिलेल्या कामांत, ज्यांच्यापाशी बटण होते त्यांनी चुका अधिक चांगल्या शोधल्या आणि न सुटणाऱ्या कोड्यांशी ते जास्त वेळ चिकटून राहिले. आवाजाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, 'आपल्याला काही करता येईल' या जाणिवेने फरक पडला होता. थ्री माइल आयलंडजवळ राहणाऱ्यांपाशी असे बटण नव्हते.

निकाल असे: केंद्राजवळच्या रहिवाशांत शारीरिक आणि मानसिक लक्षणे तिन्ही तुलना गटांपेक्षा जास्त, कामांतली कामगिरी कमी, दोन्ही संप्रेरकांची पातळी वरची. पण हा ताण फार तीव्र नव्हता, हे लगेच जोडून सांगायला हवे. बहुतेकांना मानसोपचारतज्ज्ञाने आजारी म्हटले नसते. ती माणसे कामाला जात होती, मुले वाढवत होती. फक्त त्यांची शरीरे सज्जतेच्या अवस्थेतून पुरती खाली उतरत नव्हती. ताणाला शरीराच्या प्रतिसादाचे टप्पे मांडणाऱ्या हान्स सेल्ये यांच्या भाषेत ही धोक्याच्या इशाऱ्याची नव्हे, प्रतिकाराची अवस्था. बाहेरून सारे सुरळीत, आतून खर्च चालू. हा खर्च कुठे दिसू शकतो याचा एक धागा बॉम यांच्याच गटाच्या १९८९ च्या छोट्या अभ्यासात मिळतो. त्यात या रहिवाशांत बी-लसीकापेशी आणि नैसर्गिक मारक पेशी या रोगप्रतिकारक पेशींचे प्रमाण तुलना गटापेक्षा कमी आढळले. त्यावरून ते जास्त आजारी पडले असे म्हणता येत नाही. तेवढी उडी त्या अभ्यासाने मारलेली नाही, आपणही मारू नये.

ताण संपला का नाही? पूर किंवा भूकंपात एक तळ येतो. पाणी ओसरते, जमीन थांबते, आणि यापेक्षा वाईट आता होणार नाही हे डोळ्यांना दिसते. इथे तसा क्षण आलाच नाही. नादुरुस्त भट्टी जागेवरच होती. इमारतीत किरणोत्सर्गी पाणी साठलेले होते. आत कोंडलेला सुमारे ४३ हजार क्युरी (किरणोत्सारितेचे एकक) किरणोत्सर्गी क्रिप्टॉन वायू जून-जुलै १९८० मध्ये ठरवून हवेत सोडण्यात आला. अपघात संपला असे म्हणायचे, तर तो कुठल्या तारखेला संपला? शिवाय किरणोत्सर्गाचा कर्करोगासारखा परिणाम वर्षानुवर्षांनी दिसतो हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे आज बरे वाटणे हा उद्याच्या धोक्याविरुद्धचा पुरावा ठरत नव्हता.

बॉम यांनी आणखी एक भेद मांडला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. निसर्गावर आपले नियंत्रण नसते आणि असावे अशी अपेक्षाही नसते. माणसाने बांधलेल्या यंत्रावर नियंत्रण आहे असे गृहीत धरलेले असते आणि अपघातात ते सुटते. मुळात नसणे वेगळे आणि असलेले गमावणे वेगळे. गमावण्यात कुणीतरी दोषी असतो, म्हणून राग येतो. आणि ज्यांच्यावर राग आहे त्यांच्याच पुढच्या आश्वासनांवर विसंबून राहावे लागते.

आता तो तक्ता. १९८३ मध्येच कॉलिन्स, बॉम आणि सिंगर यांनी याच रहिवाशांचे सामना करण्याचे मार्ग आणि त्यांची ताणाची पातळी एकमेकांसमोर ठेवून पाहिली. भावनाकेंद्रित मार्गांवर भर देणाऱ्यांत ताणाची लक्षणे कमी होती. समस्याकेंद्रित मार्गांवर भर देणाऱ्यांत ती जास्त होती. नाकारण्याचा मार्ग धरणाऱ्यांतही जास्त होती.

या तिन्ही ओळी एकत्र वाचल्या पाहिजेत. फक्त पहिल्या दोन वाचल्या तर वाटेल की काहीही न करता बसणे चांगले. तिसरी ओळ ते खोडून काढते. परिस्थिती भयंकर आहे हे मान्य करून तिच्याबद्दलच्या स्वतःच्या भावना सांभाळणे एक, आणि परिस्थिती तशी नाहीच असे म्हणणे दुसरे. भावनाकेंद्रित मार्गात पुनर्विचार येतो, कुणाशी तरी बोलणे येते, जे बदलत नाही त्याच्यासह दिवस कसा काढायचा याची सवय लावून घेणे येते. उत्तरपत्रिकांत या सगळ्याला 'पळवाट' म्हणतात, तेव्हा खरे तर नाकारण्याचे दोष भावनाकेंद्रित मार्गाच्या खात्यावर टाकलेले असतात.

समस्या सोडवू पाहणाऱ्यांचे काय बिनसले? एखादा रहिवासी काय काय करू शकत होता ते पाहा. पत्रे लिहिणे, सभांना जाणे, निदर्शने करणे, घर विकून निघून जाणे. पहिल्या तीन गोष्टींनी साठलेले पाणी कमी होत नव्हते की भट्टी हलत नव्हती. चौथी गोष्ट ज्यांना जमली नाही किंवा करायची नव्हती तेच तिथे उरले होते. प्रत्येक प्रयत्नानंतर काही न बदलणे म्हणजे आपल्या हाती काही नाही याची आणखी एक खात्री. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांच्या 'शिकलेली असहायता' या संकल्पनेत धक्क्यापेक्षा, धक्का आपल्या कृतीने थांबत नाही हा अनुभव घातक ठरतो. इथे तो अनुभव प्रयत्न करणाऱ्याच्या वाट्याला जास्त वेळा येत होता. थोड्या आधीच्या एका विश्लेषणात, हतबलतेची भावना जास्त असलेल्यांत लक्षणेही जास्त असल्याचे बॉम यांच्याच गटाला दिसले होते.

याच संशोधनातली एक बाब प्रथमदर्शनी खटकते. आपल्या स्थितीला आपणही थोडे जबाबदार आहोत असे मानणाऱ्यांत ताण कमी आढळला. स्वतःला दोष देणे नैराश्याशी जोडलेले असते, मग हे कसे? 'इथे घर घेण्याचा निर्णय माझा होता' असे म्हणणाऱ्याच्या विधानात एक निर्णय शिल्लक आहे, आणि जिथे निर्णय आहे तिथे पुढचाही निर्णय शक्य आहे. 'मी वाईट आहे' हा दोष निराळा, 'मी तेव्हा असे ठरवले' हा निराळा. समुपदेशन शिकणाऱ्यांनी हा फरक जपून वापरावा. तो पीडिताला ऐकवण्यासाठी नाही.

भावनाकेंद्रित मार्ग श्रेष्ठ, असा नवा तक्ता बनवला तर जुनीच चूक उलट्या बाजूने होईल. लाझारस आणि सुसान फोकमन यांचे म्हणणे मार्ग आणि परिस्थिती यांचा मेळ बसण्याबद्दल आहे. बदलता येणाऱ्या गोष्टीला समस्याकेंद्रित मार्ग, न बदलणाऱ्या गोष्टीला भावनाकेंद्रित. अडचण अशी की खऱ्या आयुष्यात 'परिस्थिती' एकसंध नसते. त्या रहिवाशाच्या हातात भट्टी नव्हती, पण पुन्हा घर सोडावे लागले तर कुठे जायचे, मुलांना शाळेतून कोण आणायचे, कुणाच्या माहितीवर विश्वास ठेवायचा, हे होते. एकाच ताणाचे असे तुकडे पाडणे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा मार्ग लावणे हे मला या प्रकरणातून घेण्यासारखे सर्वांत उपयोगी कौशल्य वाटते, आणि प्रश्नावलीच्या एकत्रित गुणांत नेमके तेच दिसत नाही.

मानसिक आजाराच्या बाजूने एव्हलिन ब्रोमेट यांच्या गटाने स्वतंत्र काम केले. लहान मुलांच्या माता हा त्यांचा मुख्य गट होता. मुलाखतींवर आधारलेल्या निदानानुसार अपघातानंतरच्या वर्षात या मातांत चिंता आणि नैराश्याच्या विकारांचे प्रमाण तुलना गटापेक्षा जास्त होते. ज्यांना पूर्वी मानसिक आजार झालेला होता आणि ज्यांना आसपासच्या माणसांचा आधार कमी होता, त्यांना धोका अधिक. सामाजिक आधार असलेल्यांत लक्षणे कमी असल्याचे बॉम यांच्या गटालाही आढळले. म्हणजे एकच घटना, पण तिचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो सौम्य ताणापुरता राहिला आणि काहींना आजारापर्यंत घेऊन गेला.

या अभ्यासांच्या मर्यादा लहान नाहीत. बॉम यांच्या तुलनेत प्रत्येक गटात काही डझन माणसेच होती. अपघाताआधीची मोजमापे नव्हती, कारण अपघात होणार हे कुणाला माहीत नव्हते. घर सोडून कायमचे गेलेले लोक नमुन्यात नाहीत. आणि सामना व ताण यांच्यातला संबंध सहसंबंध आहे, कशामुळे काय झाले हे तो सांगत नाही. ज्यांना मुळात जास्त त्रास होत होता तेच सभांना धावले असतील, तर बाण उलट दिशेने जातो. माझ्या मते दोन्ही दिशा थोड्याथोड्या खऱ्या असाव्यात. मात्र नियंत्रणाच्या जाणिवेचे प्रयोगशाळेतले पुरावे सोबत असल्यामुळे केवळ उलट्या बाणाने सगळे उलगडत नाही.

या काळात प्रकरण न्यायालयातही चालू होते. अपघाताच्या वेळी इंधन भरण्यासाठी बंद असलेली पहिली भट्टी पुन्हा सुरू करायची होती. रहिवाशांच्या एका संघटनेचे म्हणणे होते की पर्यावरण कायद्याखाली परवानगीचा विचार करताना लोकांच्या मानसिक आरोग्यावरचा परिणामही धरला पाहिजे. १९८२ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी आसपासच्या तीन काउंटींत (जिल्ह्यांत) बंधनकारक नसलेले मतदान झाले आणि बहुमत भट्टी सुरू करण्याच्या विरोधात गेले. एप्रिल १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अपील न्यायालयाचा निर्णय फिरवला. वर्गात या निकालाचा अर्थ पुष्कळदा 'न्यायालयाने मानसिक त्रास खरा मानला नाही' असा लावला जातो. तो चुकीचा आहे. आरोग्यात मानसिक आरोग्य येते हे न्यायालयाने धरून चालवले होते. त्याचे म्हणणे असे की जोखमीच्या भीतीतून झालेली हानी ही पर्यावरणातल्या भौतिक बदलापासून फार लांबची आहे आणि या कायद्याची साखळी तिथवर ताणता येत नाही.

ऑक्टोबर १९८५ मध्ये पहिली भट्टी सुरू झाली आणि २०१९ पर्यंत चालली. १९८६ साली डेव्हिडसन आणि बॉम यांचा लेख आला. अपघातानंतर सुमारे पाच वर्षांनी मोजले असता या रहिवाशांत ताणाची पातळी अजूनही तुलना गटापेक्षा वर होती, आणि अपघाताचे नकोसे विचार त्यांच्या मनात अजूनही येत होते.